टाकून दिलेले काप

फोन दादाचा होता. दुपारची वेळ, मुलुंडच्या आमच्या गाळ्यात लेथ मशीन चालू होतं, मला नीट ऐकू येईना. "मशीन बंद कर आधी," तो म्हणाला. मी बंद केलं. मग तो म्हणाला, "मीना गेली रे." मी "आलोच" म्हणालो, फोन ठेवला आणि मशीन पुन्हा चालू केलं. का, ते अजून मला कळलेलं नाही. हातांना दुसरं काही सुचलं नसावं. थोड्या वेळाने कारागिराने येऊन बटण बंद केलं आणि म्हणाला, "शेठ, जावा तुम्ही."

त्याला आता दीड महिना होत आला. वहिनी स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेली, आजार कळल्यावर एक पावसाळाही पुरता मिळाला नाही. शेजारच्यांना ती "कसल्याशा संशोधनात" आहे एवढंच ठाऊक होतं. खरं तर आठवण मेंदूत धरून ठेवली जाते म्हणजे नेमकं काय होतं, हे शोधण्यात तिची तीसेक वर्षं गेली. मी दहावीनंतर आयटीआय केलेला माणूस. मला त्यातलं जे समजतं ते तिने समजावलं म्हणून.

ती लग्न होऊन आली तेव्हा मी गाळ्यात नुकताच उभा राहायला लागलो होतो. वडिलांनी गिरणी सुटल्यावर तो भाड्याने घेतला होता. सुरुवातीचे काही महिने मी तिच्यासाठी "भाऊजी" होतो, मग दिलीप झालो, मग "ए दिल्या". आईला मात्र या सुनेचं काम समजायला वेळ लागला. उंदराचा मेंदू काढून त्याचे काप करते, हे ऐकल्यावर आई कपाळाला हात लावून मालवणीत म्हणाली, "घरात उंदीर इलो काय खुर्चयेर चढतंस, आणि थंय जावन त्यांची डोकी कापतंस?" वहिनी हसून हसून बेजार. मग तिने डब्यातला एक सोडा, म्हणजे सुकवलेली कोलंबी, काढून आईच्या हातावर ठेवला. "आई, मेंदूत आत असा वाकडा एक भाग असतो, सोड्यासारखा. नवी आठवण आधी तिथे जाते. तो गेला तर सकाळी जेवला की नाही तेही माणसाला सांगता येत नाही." आईने सोडा उलटसुलट करून पाहिला आणि परत डब्यात टाकला. पण तेव्हापासून तिने वहिनीच्या कामाला नावं ठेवली नाहीत.

त्या भागाचा नखाहून पातळ काप खाऱ्या पाण्यात ठेवला आणि त्याला प्राणवायू मिळत राहिला, तर तो काही तास जिवंत राहतो. एका टोकाला विजेचा अगदी हलका झटका द्यायचा आणि पलीकडच्या पेशी किती उत्तर देतात ते सुईने ऐकायचं. लागोपाठ झटके दिले की दोन पेशींमधला सांधा मजबूत होतो. मग तीच हलकी हाक मारली तरी उत्तर मोठं येतं आणि बराच वेळ तसंच येत राहतं. शिकणं म्हणजे मुळात हेच असावं, असं तिच्या क्षेत्रातले लोक मानतात. काप ठेवायची अ‍ॅक्रिलिकची डबी परदेशातून यायला फार वेळ लागायचा, म्हणून तिने ती मला करायला सांगितली. माझी पहिली डबी गळली, दुसरीचे स्क्रू खाऱ्या पाण्याने गंजले, तिसरी चालली. त्या निमित्ताने मी अंधेरीच्या बाजूला तिच्या संस्थेत जायला लागलो.

तिचा प्रश्न म्हाताऱ्या उंदरांचा होता. वय झालं की हा सांधा मजबूत होणं थांबतं का? आणि तिला उत्तर मिळालं, झकास उत्तर. म्हाताऱ्या उंदरांचे कापही तरण्यांइतकेच शिकत होते! बाहेरच्या एका मोठ्या नियतकालिकात तिचा लेख छापून आला. आमच्या सोसायटीने शाल-नारळ दिला. ती इतकी वर्षं दर वर्षी मुदत वाढवून मिळणाऱ्या जागेवर होती. आता संस्थेत कायमची जागा निघणार होती, आणि ती तिलाच मिळणार हे सगळे धरून चालले होते.

त्याच मे महिन्यात देवगडहून मावशीने आंब्याची पेटी पाठवली. आईने पेटी फोडली, डागी आंबे बादलीत टाकले आणि बाकीचे वहिनी पुसून परातीत लावत होती. तेवढ्यात शेजारीण आली. आई मोठ्या दिमाखात म्हणाली, "बघा, पेटयेत एक आंबो खराब नाय!" वहिनीचा हात थांबला.

"आई, बादलीत किती टाकले?"

"ते कित्याक मोजूचे?"

वहिनी तिथेच ओट्याला टेकून खाली बसली. उन्हाने चक्कर आली असेल म्हणून मी पाणी दिलं. ती ते प्यायलीच नाही. दुसऱ्या दिवशी गाळ्यात येऊन तिने मला सगळं सांगितलं. म्हाताऱ्या उंदराचे काप लवकर मरतात. एखाद्याने उत्तर दिलं नाही की 'कापताना पात्याने दुखावला असेल' असं म्हणून ती तो टाकून द्यायची. तरण्या उंदराच्या कापावर मात्र तिने तितकी शंका कधी घेतली नव्हती. "मी खोटं काही लिहिलं नाही रे. फक्त खराब आंबे आधीच बादलीत टाकले." मग म्हणाली, "आणि आंब्यांमुळे कळलं असंही नाही. आतून केव्हापासून टोचत होतं. आईंनी ते मोठ्याने म्हटलं, एवढंच."

लेख मागे घ्यायचं तिने ठरवलं. विभागप्रमुखांनी समजावलं की पुढच्या लेखात हळूच दुरुस्ती कर, इतका गाजावाजा कशाला? घरी दादा भडकला. मी त्याला तिच्यावर आवाज चढवताना तेव्हाच पाहिलं. "तुला कोणी विचारलं नसतं, मीना! कोणालाही कळलं नसतं!"

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "कळणारी मी एकटीच आहे ना."

लेख मागे घेतला गेला. कायमची जागा दुसऱ्याला मिळाली, ती मुदतवाढीच्या जागेवरच राहिली. पूर्वी तिच्याबरोबर डबा खाणारे दोघेतिघे वेगळे बसायला लागले. दादा बरेच दिवस कामापुरतं बोलायचा. पण सगळ्यात हवालदिल झाली ती आई. एक दिवस तिने वहिनीचा हात धरून विचारलं, "माज्या आंब्यांनी तुजी नोकरी घालवल्यानी काय गो?" तेव्हा मात्र वहिनीला रडू फुटलं. रडता रडता ती हसायलाही लागली आणि आईला मिठी मारून म्हणाली, "नाही हो आई. आंब्यांनी मला झोप परत दिली."

मग तिने सगळा प्रयोग पहिल्यापासून मांडला. घाटकोपरची फरहीन नावाची एक मुलगी तिच्याकडे पीएच. डी.ला आली होती. काप तरण्या उंदराचा की म्हाताऱ्याचा, हे आता फक्त फरहीनला ठाऊक असायचं. झटके देणाऱ्या वहिनीला नाही. एकही काप टाकायचा नाही. दुखावलेला, मेलेला, मुका, सगळे मोजायचे. त्यात काही वर्षं गेली. पहिला निकाल कोसळलाच, म्हाताऱ्या उंदरांचे बरेचसे काप काही शिकेनात. पण एकाच दमात झटके न देता मध्ये मोठी उसंत ठेवून दिले, तेव्हा त्या मुक्या कापांतले काही जागे झाले. सगळे नाहीत, काहीच. पण पुन्हा पुन्हा झाले.

मला हे सांगायला ती भर उन्हात गाळ्यात आली. "पहिल्या वेळी मला हवं होतं म्हणून दिसलं, दिल्या. या वेळी मी विश्वास ठेवायला तयार नव्हते, तरी दिसतंय." हा लेख एका छोट्या नियतकालिकात आला. शाल-नारळ कुणी दिला नाही. दादा मात्र त्या संध्याकाळी पापलेट घेऊन आला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः तळायला उभा राहिला. दोन तुकड्या जळल्या. वहिनीने त्याच आधी वाढून घेतल्या. त्यांच्यात तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

लोक तिला विचारायचे, आठवणीसाठी गोळी कुठली घ्यावी? ती साफ सांगायची, "उंदराच्या कापावरून माणसाला काही सांगता येत नाही." आईला फोनवर व्हिडिओ कॉल करायला शिकवताना मात्र ती एकदाच दाखवायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विषय काढायची नाही. आई म्हणायची, "माका उंदीर केलंस!" यावर ती उत्तर द्यायची, "सिद्ध काही झालेलं नाही, आई. करून बघू." आज ऐंशी ओलांडलेली आई देवगडच्या मावशीला स्वतः फोन लावते. वहिनी गेल्याचंही तिनेच लावून सांगितलं.

गेल्या आठवड्यात संस्थेतून निरोप आला की मॅडमचं कपाट रिकामं करायचं आहे. दादाला जाववेना, म्हणून मी गेलो. फरहीन आता तिथेच संशोधक आहे. एका कापावर तिचा प्रयोग चालू होता. म्हणाली, "काका, पहिले झटके देऊन झालेत. आता उसंत आहे. बसा." मी म्हटलं, तुझं काम कर, मी कपाट आवरतो. तिने मान हलवली. उसंतीच्या वेळात इथे कुणी दुसरं काम काढायचं नाही, हा मॅडमचा नियम. मोबाइल नाही, मेल नाही. नुसतं बसायचं, वाटलं तर बोलायचं. ती आणि आणखी दोन मुली स्टुलांवर बसल्या, एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. "ही त्यांची जागा," फरहीन म्हणाली, "आम्ही रिकामी ठेवत नाही. जो येतो तो बसतो."

मग एकीने विचारलं, "मॅडम घरी कशा होत्या?" मी सांगितलं, तिला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, साफ करणं कधी जमलं नाही. दर वेळी रश्शात वाळू कचकचायची आणि आम्ही सगळे मुकाट खायचो. मुली खळखळून हसल्या. हसता हसता माझेही डोळे भरून आले, पण ते काही फार दुःखाचं नव्हतं.

यंत्राने टुंग केलं. फरहीन उठली, दुसऱ्या वेळचे झटके दिले आणि पडद्याकडे बघत राहिली. सपाट चाललेली रेघ किंचित वर गेली, मग आणखी थोडी.

"उठला," ती हळूच म्हणाली. "आता टिकतो का बघायचं."

"किती वेळ?"

"संध्याकाळ होईल."

मी गाळ्यावर फोन लावला आणि आज परत येत नाही म्हणून सांगितलं.