भिंगरीचा आठवडा

कमरेचं ऑपरेशन झालं, मणका सरळ झाला म्हणे, पण उजवा पाय जळायचा तो जळतच राहिला. तेव्हापासून सलूनवाला एका जागी टिकेना. बसला की उठायचा, उठला की येरझारा. एक दाढी करायची तर दोनदा दारापर्यंत जाऊन यायचा, आणि तोंडाला फेस फासलेलं गिऱ्हाईक आरशात बघत बसायचं. गिऱ्हाइकांनीच त्याचं नाव भिंगरी पाडलं. लोकांना काय, दुसऱ्याचं दुखणं म्हणजे फुकटचा तमाशा.

गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. शेवटी वेदनांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरमॅडमनी पाठीच्या कण्यात सुईवाटे दोन बारीक तारा सरकवल्या आणि कमरेला करंटची डबी बांधली. रिमोटनं करंट कमी-जास्त करत त्या विचारत गेल्या, "मुंग्या कुठे येतायत? पोटरीत? आणखी खाली?" आग होती तिथे मुंग्या पोचल्या, तेव्हा मॅडम थांबल्या.

"आठवडाभर बघू. दुखणं निम्म्यानं तरी उतरलं तर कायमचं मशीन बसवू. तोवर वाकायचं नाही, अंग पिळायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत."

भिंगरीनं तेवढंच कानात साठवलं. तार हलली तर संपलंच, या धास्तीनं तो घरी ओंडक्यासारखा पडून राहिला. दुसऱ्या दिवशी नर्सचा फोन आला.

"काका, काय करताय?"

"काही नाही. अगदी काहीच नाही!"

"अहो, पडून राहून काय कळणार? रोजचं काम करा. त्याशिवाय मशीनची परीक्षा कशी व्हायची?"

मग गेला दुकानात. खुर्ची खाली घेतली की वाकावं लागे, वर घेतली की हात खांद्याच्या वर जात. मधली उंची सापडेपर्यंत पंप मारमारून त्यानं गिऱ्हाइकाला पाळण्यासारखं वरखाली केलं. उंच माणसांना तर दारातूनच परत पाठवलं. खाली पडलेले केस बायकोनं झाडले. आणि एका मास्तरांचं अख्खं डोकं एका दमात उरकलं! भिंगरीला रडूच कोसळलं. मास्तरांनी घाबरून स्वतःचा कान चाचपला.

त्या आठवड्यात बायकोही गाढ झोपली. त्याच्या येरझाऱ्यांनी आपला डोळा लागत नाही, हे तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी तो दवाखान्यात जवळजवळ नाचतच शिरला. "निम्मं काय घेऊन बसलात मॅडम, चार आणेच उरलंय!"

मॅडम खूश झाल्या. त्यांनी हातमोजे चढवले, पट्ट्या सोडवल्या आणि तारा ओढून काढल्या. या ठेवल्या तर जंतू शिरतील, कायमचं मशीन पाच-सहा आठवड्यांनी बसेल, म्हणाल्या. हे आधीही सांगितलं होतं, पण ऐकतो कोण? पास झालो की मशीन आपलं, असंच तो धरून बसला होता.

पट्टी करून त्याला बायकोशेजारी बाकावर बसवलं. तिथेच पायात आग परत पेटली. तो तडक आत घुसला.

"मॅडम, परत घाला त्या तारा."

"दहापैकी किती दुखतंय?"

"दहा."

"काका, महिन्यापूर्वी तुम्ही आठ सांगितलं होतं. दुखणं तेवढंच असेल."

"असेल. पण तेव्हा न दुखणं काय असतं ते विसरलो होतो."

मॅडमनी तारखा पुन्हा चाळल्या. अलीकडची एकही मोकळी नव्हती.

तो बाहेर येऊन येरझारा घालू लागला. बायको त्याला बसा म्हणाली नाही. पिशवी काखेत मारून ती उठली आणि त्याच्या बाजूनं चालू लागली.