तिरडीएवढी वाट

आमची गोदूकाकी फटकळ नव्हती. फटकळ मी. ती मोजकं बोलायची, पण ज्या दिवशी चारचौघांत तोंड उघडलं त्या दिवशी अख्ख्या सोनिवलीने तिला नावं ठेवली. ते मला अजून सलतं, म्हणून सांगते. मी तिची शेजारीण, आमच्या पडव्याही एकमेकींना लागून.

ती बारवीकडच्या पाड्यावरून लग्न होऊन आली तेव्हा गावाभोवती नुसती भातखाचरं होती. गावातून नदीवरच्या स्मशानाकडे बैलगाडीची वाट जायची. मध्ये एक उंबर, त्याखाली सपाट दगड. तो आमचा विसावा. मयत निघालं की तिरडी तिथे टेकवायची, पुढच्या खांदेकऱ्यांनी मागे जायचं, मागच्यांनी पुढे, आणि बायकांनी तिथून माघारी फिरायचं. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. गेलेल्या माणसाचं तोंड आम्ही शेवटचं बघतो ते विसाव्यावरच. गोदूकाकीचा नवरा रघुकाका म्हणजे गावातल्या प्रत्येक तिरडीचा पुढचा खांदा. मयत कोणाचंही असो, वैऱ्याचं का असेना, हातातला विळा टाकून जायचा.

पुढे खाचरं गेली, टॉवर आले. त्या वाटेचा रुंद रस्ता झाला आणि मध्ये कमरेएवढा सिमेंटचा दुभाजक आला. उंबर तोडला. दगड तेवढा पलीकडच्या कडेला राहिला. दुभाजकाला फट ठेवली ती पार लांब, मोठ्या संकुलाच्या गेटासमोर. गाड्यांची सोय झाली. पायी चालणाऱ्याचं काय, हे कोणाच्या बापाने विचारलं?

मग गोदूकाकीची जाऊ बनूबाई वारली. तिरडी घेऊन त्या लांबच्या फटीपर्यंत जायचं तर समोरून सुसाट गाड्या. पुरुषमाणसं बोलली, वरून काढू. "उचला, उचला, तिकडनं धरा!" करत तिरडी दुभाजकावरून पलीकडे चालवली. ती कलली, सुतळी सुटली आणि बनूबाईचा हात बाहेर येऊन लोंबायला लागला. मागे एक टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. आम्ही बायका अलीकडेच राहिलो. तोंड बघणं नाही की पाया पडणं नाही. गोदूकाकीने माझा दंड असा आवळला होता की नखं रुतली.

घरी आल्यावर आंघोळ करून ती पडवीत बसली. आत रघुकाका खोकत होता. छातीच्या दुखण्याने त्याचं सगळं बळ गेलं होतं, चार पावलं टाकली की धाप लागायची. ती मला हळूच बोलली, "ह्यांना मी असं नाय जाऊ देणार गो."

तिचा मुलगा सुयोग अंबरनाथला कारखान्यात आहे. तो समजावायला गेला, "आई, हल्ली गाडी मिळते. बाबांचं पुढे-मागे काही झालंच तर..."

"तुझ्या बापाने अख्खा गाव खांद्यावरून नेला," ती बोलली. "त्याला कोणी खांदा द्यायचा नाय?"

सुयोग उठून बापाला पाणी द्यायला आत गेला.

त्याच सुमारास संकुलाच्या हॉलमध्ये बैठक झाली. तुमच्या भागात आधी काय सुधारायचं ते सांगा, म्हणून गावालाही बोलावणं होतं. भिंतीवर भला मोठा नकाशा, आणि भाविका नावाची तरुण इंजिनिअर सगळ्यांना रंगीत टिकल्या वाटत होती. जे हवं तिथे टिकली लावायची. कोणी पार्किंगला लावली, कोणी बागेला, कोणी स्टेशनच्या बसला. आमच्या गावच्या माणसांनी दिव्यांना आणि गटाराला लावल्या. विसाव्याचं नाव एकानेही काढलं नाही. सगळ्यांच्या मनात तेच होतं हो! पण भरल्या हॉलमध्ये मयताचं बोलायचं म्हणजे अभद्र. मीसुद्धा गप्प. एरवी कात्रीसारखी चालते माझी जीभ, तिथे दातखीळ बसली.

गोदूकाकी उठली. आपल्या सगळ्या टिकल्या तिने दुभाजकावर एकाच जागी लावल्या आणि बोलली, "इथं वाट पाडा. गाडीची नको. तिरडी जाईल एवढी."

गावचा हरिचंद्र, वयाने मोठा माणूस, तिच्यावर खेकसला, "काकी, घरात नवरा आजारी आणि तुम्ही तिरडी मापता? जिभेला हाड?"

तिचा चेहरा उतरला, पण ती बसली नाही. बोलली, "आजारी हायेत म्हणूनच बोलते. बनूबाईचा हात तुम्ही पण बघितला, भावजी."

तेव्हा संकुलातली सोनिया नावाची बाई उभी राहिली. बोलली, "काकी, आमची मुलं स्कूल बससाठी तिथूनच दुभाजकावर चढून उड्या मारतात. मी रोज जीव मुठीत धरून बघते." आणि तिनेही आपली टिकली गोदूकाकीच्या टिकल्यांशेजारी लावली. मग दुसऱ्या आयांनी लावल्या. मग मी. पार्किंगच पहिलं आलं, ते सोडा. पण भाविकाने ती जागा लिहून घेतली आणि मागे लागून लागून मंजूर करून आणली.

तिकडे गावात कुजबुज चालूच. "नवऱ्याच्या मरणाची तयारी करते." पाणवठ्यावर, दुकानात, सगळीकडे तेच. गोदूकाकी मान खाली घालून जायची. रात्री उशाशी बसून रघुकाकाची छाती चोळणारी बाई ती! मला असा संताप यायचा.

दुभाजक फोडायला माणसं आली. बाइक घुसू नयेत म्हणून ते फटीच्या मधोमध खांब रोवणार होते. गोदूकाकी दोन्ही हात पसरून फटीत उभी राहिली. "दोन माणसं आणि मधी तिरडी. एवढं पायजे." भाविकाने खांब कडेला घ्यायला लावले. दुसऱ्या दिवसापासून शाळेची पोरं तिथून जायला लागली, भाजीवाल्या जायला लागल्या. कडेला तो दगडही साफ करून ठेवला.

आणि दिवाळी झाल्यावर गोदूकाकीच गेली. सकाळी अंगण सारवताना खाली बसली ती उठलीच नाही.

लोक बोललेच, "तिनेच मरण बोलावलं." मी तिथल्या तिथे सुनावलं, "बनूबाईने काय बोलावलं होतं रे?" 

हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. रघुकाका पुढच्या खांद्याला हटूनच बसला. शेवटी गावातल्या धर्मेशने बांबू खांद्यावर घेतला आणि काकाने नुसता हात लावला. तिरडी त्या वाटेतून अलगद पार झाली, कुठेही टेकली नाही, कलली नाही. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या होत्या. पलीकडे दगडापाशी टेकवली. आम्ही सगळ्या बायकांनी तिचं तोंड बघितलं, पाया पडलो.

खांदे बदलले. दगडाशी टेकलेला रघुकाका उठायला गेला आणि त्याला धापच लागली. पुढे जाणं शक्य नव्हतं. सुयोग मडकं घेऊन खोळंबलेला. काकाने तिच्या गालावर हात ठेवला आणि बोलला, "जा तू."

ज्याने सगळा गाव स्मशानापर्यंत पोचवला, तो बायकोला विसाव्यावर सोडून आम्हा बायकांबरोबर माघारी फिरला. मी त्याला धरलं होतं. फटीशी शाळेची पोरं येत होती, तर तो बाजूला उभा राहिला, त्यांना आधी जाऊ दिलं. खांबाला हात लावून बोलला, "माझ्यासाठी केलीन गो तिने ही."

मग आम्ही त्याला हळूहळू घरी आणलं.