आत्याचा फोटो आणि जोडीचा कॅमेरा

आमच्या घरात एका खिळ्याला हार घालायची पद्धत होती.

खिळ्यावर फोटो नव्हता. नुसता खिळा. सर्वपित्री अमावास्येला बाबा अंघोळ करून झेंडूचा हार त्या खिळ्याला अडकवायचे आणि हात जोडून उभे राहायचे. चुन्याच्या भिंतीवर हाराचा तो रिकामा गोल! खाली दिवा लावला की गोलाच्या आतली भिंत हलल्यासारखी वाटे. लहानपणी मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवायला बसत नसे. (तोंड करूनही नीट जेवत नसे, पण ते दुधीमुळे.)

खिळा आजीचा होता. बाबा लहान असतानाच ती गेली. तेव्हा आमची माणसं वसईच्या खाडीकडच्या मिठागरात राबायची. फोटो काढायचा म्हणजे धुतलेले कपडे घालून बाजारात जायचं. धुतलेले कपडे होते, पण जे धुतलेले ते अंगावरचेच, आणि त्या दिवशीची मजुरी बुडणार ती वेगळी. आजीचा फोटो कधी निघालाच नाही. बाबांना आईचे हात आठवायचे, तिच्या पायांना मिठाने पडलेल्या भेगा आठवायच्या, पण चेहरा आठवायचा नाही. हे ते कुणाला सांगत नसत. मला एकदाच म्हणाले होते, "खिल्याला हात जोडतो गो. दुसरं काय करू?"

पुढे मी बी.कॉम. झाले. आमच्या अख्ख्या आळीत कॉलेज पुरं केलेली मी पहिली, आणि हे मी अजूनही ओळख झाल्याच्या दुसऱ्या वाक्यात सांगते. पदवीदानाला काळा झगा घातला, पण फोटो राहिला. कॅमेरा नव्हता आणि झगा परत करायची घाई होती. तेव्हाच मनाशी ठरवलं की भिंतीवर एक दिवस आपलाही फोटो लागला पाहिजे. ताठ मानेचा.

कॉलेज संपलं आणि मला माणिकपूरच्या एका फोटो स्टुडिओत हिशेब लिहायची नोकरी लागली. हिशेब लिहिता लिहिता मी कॅमेराही शिकले. शेठनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, बाहेरगावी फोटोला जाताना जोडीचा कॅमेरा बरोबर पाहिजे. मुख्य कॅमेरा रुसला तर नवरदेव घोड्यावर थांबत नाही. मला ते लगेच पटलं. खाडीतली माणसंही एका वल्ह्यावर होडी सोडत नाहीत.

नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. सर्वपित्री जवळ आली आणि बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सोनाआत्याचा फोटू काढशील?"

सोनाआत्या बाबांची थोरली बहीण. समुद्रकाठच्या कळंबला दिलेली, आता सुनेजवळ राहणारी. जुनी माणसं सांगायची की ती हुबेहूब आजी. आजीच पुन्हा जन्माला आली म्हणा. म्हणजे आत्याचा फोटो निघाला तर खिळ्याला चेहरा मिळणार होता. बाबांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरू लागलेला. उशीर केला तर फोटो लागेल, पण तो दिसायचा नाही. हे त्यांनी म्हटलं नाही. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला, बस्स.

अडचण एकच होती. सोनाआत्याचा फोटो येत नसे.

म्हणजे काढला तरी येत नसे! तिच्या लग्नात फोटोवाला आला होता. फोटोत नवरा आला, भटजी आले, आत्याच्या जागी पांढरा डाग. मुलाच्या लग्नात ती मधोमध बसलेली. नेमका तोच रोल चिकटला. पुढे कसल्याशा ओळखपत्राचे फोटो काढायला गावातल्या शाळेत माणसं आली, तेव्हा आत्याच्या नावाच्या कार्डावर एक मिशीवाला माणूस आला, जो कळंबमध्ये कुणीच कधी पाहिला नव्हता. ते कार्ड आत्याने जपून ठेवलं होतं. कुणी विचारलं की थंडपणे म्हणायची, "तो कोन हाय ता मला म्हाईत हाय." आणि पुढे बोलायची नाही. हे ऐकल्यावर विचारणाऱ्याला एकदम घरचं काम आठवायचं.

आई तर या प्रकाराने धास्तावलेलीच होती. म्हणाली, "तिला धरू नको कॅमेऱ्यात. ती सुटली तर तू अडकशील." मी तिला खाली बसवून रोल म्हणजे काय, उजेड म्हणजे काय, डाग का पडतो, हे सगळं समजावलं. पदवीधर माणसाला हे करावंच लागतं. शेवटी म्हटलं, "आणि बिघडला तर बिघडला. मी जोडीचा नेतेय ना! एक मोठा, एक छोटा ऑटोमॅटिक. रोलही दोन, सेलही दोन-दोन. एकाला काही झालं तरी दुसरा आहे."

आईने हे फार लक्षपूर्वक ऐकलं. तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं.

रविवारी आई आणि मी कळंबला निघालो. बाबा घरीच राहिले. म्हणाले, मी आलो तर ती माझ्याकडेच बघत बसंल. दाराशी उभे होते. आम्ही वळणावर दिसेनाशा होईपर्यंत उभे होते, आणि त्यांना तेवढं लांबचं दिसत नव्हतं हे मला ठाऊक होतं.

भादव्यातला दिवस, आभाळ दाबून आलेलं. कळंबला उतरलो तेव्हा दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखी वाटत होती. आत्याचं घर सुरूच्या झाडांमागे. वारा असा की झाडं एकदम श्वास आत घ्यायची आणि बराच वेळ सोडायचीच नाहीत. शेजारी सुट्टीला येणाऱ्यांसाठी बांधलेली कॉटेजेस, सगळ्यांना कुलपं. त्यांच्यातल्या एका अंगणात झोपाळा हलत होता. झाडं थांबली तरी तो हलतच होता. आई म्हणाली, "बघू नको." मी बघितलं नाही असं दाखवून बघितलं.

आत्या पलंगावर तयार बसली होती. नऊवारी लुगडं, नाकात नथ, केसांत अबोली. नथ आजीची होती. आत्याला दिसायचं कमी, त्यामुळे ती माझ्याकडे न बघता माझ्या मागे कुणीतरी उभं असावं तसं बघायची. मी दोनदा मागे वळून पाहिलं. मागे मंदावहिनी, म्हणजे आत्याची सून, चहाचा ट्रे घेऊन उभी होती. दुसऱ्या वेळी ती नव्हती. ट्रे होता. (नंतर कळलं की खाली स्टूल होतं. पण हे नंतर.)

"काढ गो पोरी," आत्या म्हणाली. "पन तो यायचा नाय."

मी मोठा कॅमेरा काढला, डोळ्याला लावला, बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. सेल बदलले, दाबलं. कॅमेरा मेल्यासारखा गप्प. तेवढ्यात लाईट गेली. खोलीत करडा उजेड उरला आणि त्यात आत्याची नथ तेवढी दिसत होती. लांब कुठेतरी कुत्र्याने गळा काढला. आईने माझा पदर घट्ट धरला. (मी पंजाबी ड्रेस घातला होता. ओढणी असावी.)

"मी सांगितलेला," आत्या म्हणाली. तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. सवयीचं होतं.

मी हसले. असं हसले की शेठनी पाहिलं असतं तर पगार वाढवला असता. म्हटलं, "आत्या, म्हणूनच माणूस जोडीचा कॅमेरा आणतो." आणि त्या अंधाऱ्या खोलीत मी छोटा कॅमेरा असा बाहेर काढला, जणू म्यानातून तलवार.

तोही बंद.

आता मात्र मी दोन्ही कॅमेरे उलटसुलट करून पाहिले. दोन वेगळे कॅमेरे, दोन वेगळे सेल, दोन रोल. एकाच वेळी दोन्ही कसे मरतील? आत्या माझ्या मागे बघत होती. बाहेर झाडांनी पुन्हा श्वास आत घेतला. बाबा घरी वाट बघत बसले असतील, हेही आठवलं, आणि रडू आणि भीती दोन्ही एकदम आली.

दुसरे सेल हवेत म्हणून मोठ्या कॅमेऱ्याच्या कव्हरात तळापर्यंत हात घातला, तर हाताला काहीतरी ओलं, गार, मऊ लागलं. मी ओरडणारच होते. पण ते बाहेर आलं तेव्हा एक फडक्याची पोटली होती. तिच्यातून पाणी गळत होतं. छोट्या कॅमेऱ्याचं कव्हरही तपासलं. त्यातही तशीच पोटली. जिभेला लावून बघितलं. खारट.

मी आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे पाहत होती.

"आगरातलं मीठ हाय," ती हळूच म्हणाली. "दृष्ट काढलेलं. त्या दिवशी तू बोललीस ना, तवाच ठेवलं. तिच्यापासून राखन म्हनून."

"आणि दोन्हीत?"

"तूच म्हनाली ना, एकाला काय झालं तर दुसरा पायजे. म्हनून दोन्हीत ठेवलं."

बघा. सगळं आयुष्य मिठागरात गेलेली बाई. आगरातलं कच्चं मीठ भिंतीला टेकलं तर भादव्यात भिंत रडते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण राखणीचं मीठ तिच्या मते वेगळं. ते विरघळत नाही. ते विरघळलं होतं, आणि माझ्या मुख्य आणि जोडीच्या, दोन्ही कॅमेऱ्यांना त्याने समान न्याय दिला होता.

खरं सांगते, मला केवढं हायसं वाटलं! भूत नाही, मीठ! मी छोटा कॅमेरा पुसून पलंगासमोरच्या स्टुलावर ठेवला आणि आई, आत्या आणि आत परतलेली मंदावहिनी अशा तिघींसमोर उभी राहून व्याख्यानच सुरू केलं. म्हटलं, बघा, अंधश्रद्धा कशी असते. मीठ ओल ओढतं, ओल यंत्रात जाते, यंत्र बंद पडतं. यात आत्याचा काही संबंध नाही. जगात प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि शिकलेल्या माणसाने ते कारण...

खट्.

स्टुलावरच्या कॅमेऱ्याने डोळा उघडला. त्याला कुणाचा हात लागलेला नव्हता. पांढराफटक उजेड पडला आणि त्या उजेडात सगळ्यांचे चेहरे मेणाचे दिसले. मग तो स्वतःशीच गुरगुरला.

कारण मला माहीत होतं. मी तेच सांगत होते! खारं पाणी आत गेलं की असं यंत्र आपोआपही चालतं, हे वाक्य पुढे येणारच होतं. पण ते वाक्य जिथे होतं तिथेच राहिलं आणि मी अंगणात होते. मधला उंबरठा, ओटी, पायऱ्या कधी ओलांडल्या ते मला ठाऊक नाही. पळताना माझ्या मागे आणखी एकदा पांढरा उजेड पडल्याचं तेवढं आठवतं. आई आणि मंदावहिनी माझ्यानंतर आल्या. आई म्हणाली, "शिकलेली मानसं पलतात बेस."

आत आत्या एकटी. आणि ती हसत होती. मोठ्याने, लहान मुलीसारखी.

धीर करून दारातून डोकावलो. कॅमेरा थंड पडला होता. आत्याचे गाल ओले होते.

"आय आलेली गो," ती म्हणाली. "उजेड पडला नि समोर बसलेली. नथ घालून. माझ्याकडे बघून हसली, म्हनून मी पन हसले."

आत्यासमोर मंदावहिनीचं आरशाचं कपाट होतं. हे आम्ही तिघींनीही पाहिलं. तिघींपैकी कुणीही आत्याला सांगितलं नाही.

शेठनी रोल धुतला. सगळा मिठाने खाल्लेला, काळे-पांढरे डाग नुसते. एकच फोटो आला होता, दुसऱ्या उजेडातला. किंचित तिरका, पण लख्ख. आत्या, नथ, अबोली आणि तोंडभर हसू.

बाबांनी तो खिडकीपाशी नेला, डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "अशीच हसायची." एवढंच. आणि स्वतः फ्रेम करून आणली.

त्या सर्वपित्रीला खिळ्यावर पहिल्यांदा फोटो लागला आणि हार फोटोला पडला. जेवायला आत्याही आली होती. पलंगावर बरोबर फोटोखाली बसून ती चहा पीत होती, तेव्हा शेजारच्या काकू दारात आल्या, त्यांनी हार घातलेला फोटो पाहिला, मग खाली पाहिलं, आणि आल्या तशा गेल्या. पुढे बरेच महिने त्या आमच्या बाजूने बाजारात गेल्या नाहीत. आत्याने मात्र उठून फोटोजवळ तोंड नेऊन निरखून पाहिलं, स्वतःच्याच फोटोचा हार सरळ केला आणि म्हणाली, "आय बरी आलीय." मिशीवाल्याचं कार्ड तिने त्या दिवशी चुलीत घातलं.

फोटोच्या उजव्या कडेला एक काळा, लांबलचक फराटा आहे आणि खाली एक टाच. फ्रेमवाला ते कापणार होता. बाबांनी कापू दिलं नाही. म्हणाले, "ऱ्हाऊ दे, आपलीच हाय." ती माझी वेणी.

तर आमच्या घराच्या भिंतीवर आजीचा फोटो लागला. शिवाय आळीतल्या पहिल्या पदवीधराचाही लागला, ठरवल्याप्रमाणे. फक्त पाठमोरा, पळताना, आणि दर वर्षी हारासकट.