बापाचं सोंग

हे मी माह्या बायकोलेही सांगतलं नाही. तुम्हाले सांगून राह्यलो — काहून, ते मलेही नीट कळत नाही.

माहा बा राळेगावकडच्या एका खेड्यात गावकीचं काम करे. घुंगराची काठी, खांद्यावर घोंगडी, अन रोज सांजच्याले दारोदार भाकर मागणं. दारापासून दूर उभं राहाचं, कमरेत वाकाचं, "जोहार मायबाप" म्हणाचं. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो अन बानं ती काठी टाकली. गावानं आम्हाले कामाले बोलावणंच बंद केलं. माय दुसऱ्या गावी कापूस वेचाले जाये. घरात कधी कधी नुसती अंबाडीची भाजी — पण बा पुन्हा कोणाच्या दारात गेला नाही. तशातच त्यानं मले शिकवलं. शिष्यवृत्ती भेटली, मी विलायतेत गेलो.

तिथं ऑक्टोबर सरता सरता स्कॉटलंडातल्या एका दोस्ताच्या गावी गेलतो. त्यायचा हॅलोविन होता. सोंगं घ्याची, घरोघरी जाचं, काहीतरी करून दाखवाचं, मंग लोक सफरचंद, अक्रोड देतात. आपल्याकडं तान्ह्या पोळ्याले पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात ना, तसंच. कोणी भूत झालं, कोणी चेटकीण. मले म्हणाले, तू काय होशीन?

राजा होता आलं असतं. भूत होता आलं असतं. कोण अडवत होतं मले? पण मले त्यायले हासवाचं होतं ना! मी खांद्यावर घोंगडी घेतली, काठीले घंट्या बांधल्या, तोंडाले राख फासली — अन पहिल्याच दारात कमरेत वाकून, बाच्याच आवाजात ओरडलो, "जोहार मायबाप, भाकर वाढा!"

हासले. पोट धरधरून हासले. सात घरं हिंडलो, भाऊ. अन दर घरी मी जरा जास्तच वाकलो — हे कोणी सांगतलं होतं मले? शेवटच्या घरी तं हातही थरथरवला. दोस्ताच्या मायनं विचारलं, हा कोण? मी म्हटलं, आमच्या गावात एक येडा भिकारी होता.

येडा. भिकारी. माहा बा!

तवा शरम नाही वाटली, हेच सगळ्यात वाईट आहे. सोंगाचं पहिलं बक्षीस भेटलं तं खूश झालो मी. शरम वाटली ती घरी आल्यावर. सारी वस्ती जमली होती, अन बानं भर लोकांत विचारलं, "तिकडं कोणाले माह्याबद्दल सांगतलं काय रे?" मी म्हटलं, सांगतलं ना बा. तू काठी कशी टाकली ते सांगतलं, अन सारे लोक उठून उभे राह्यले.

बाचे डोळे भरून आले. मरेपर्यंत तो येणाऱ्या-जाणाऱ्याले हेच सांगे — विलायतेतले गोरे माह्या नावानं उभे राह्यले म्हणून. अन मी बाजूले बसून मान हलवत होतो.