मालकांच्या पागोट्यातली घुगरी

देवीवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची, पण खरं सांगते, त्या आजारपणात मी तिच्यावर रुसले होते. एकदा नाही, तीनदा आला तो मनाचा आजार. पहिल्यांदा नव्वदच्या सुमारास, धाकटीच्या बाळंतपणानंतर. दुसऱ्यांदा पाच-सहा वर्षांनी, काही कारण नसताना. आणि दोन हजार सालानंतर तिसऱ्यांदा आला तो जायचं नावच घेईना. कनेरगाव नाक्याजवळ आमचा तांडा. तिथल्या अंगणवाडीत मी शिकवते. दिवसभर लेकरांबरोबर गाणी म्हणणारी बाई मी, पण त्या महिन्यांत भिंतीकडं तोंड करून पडून असायची. भाकरीला चव लागेना, लेकरांचा आवाज सोसेना. नांदेडच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी दोनदा बरं केलं होतं, तिसऱ्यांदा गोळ्याही हरल्या. एका दुपारी जावेनं मला विहिरीच्या काठावरून हाताला धरून घरी आणलं. ती रागावली नाही, नुसती रडत राहिली. त्या दिवसापासून आमचे मालक शेतात जाताना मला सोबत नेऊ लागले.

मग डॉक्टरांनीच हैदराबादचं नाव काढलं. तिथं नवं यंत्र आलंय, डोक्याला बाहेरून चुंबक लावून मेंदूला जाग आणतात, कापाकापी नाही, भूल नाही, रोज अर्धा तास, अशा वीस बैठका. मालक म्हणाले, "चुंबकानं माणूस बरं होते व्हय, साहेब? आमच्या पोरानं रेडू फोडून चुंबक काढलं, त्याला नुसते खिळे चिकटून राहिले!" डॉक्टर हसले. म्हणाले, खात्री देत नाही, पण करून बघा. निघायच्या दिवशी सासूबाईंनी तांड्यातल्या मठात भोग लावला, म्हणजे निखाऱ्यावर तूप अन् लापशी सोडून देवीकडं माझ्यासाठी मागणं मागितलं. सगळ्यांनी हात जोडले. मी कोरडीच उभी होते.

दवाखान्यात पहिल्याच दिवशी घोडं अडलं. यंत्र चालवणारा भला माणूस म्हणाला, "अम्मा, सर के पास का सब निकालना पड़ता." सब म्हणजे माझी घुगरी! आमच्या लग्न झालेल्या बायका दोन्ही कानशिलांवर केसांत चांदीची घुगरी गुंफतात. ती लग्नात चढते आणि उतरते ती नवरा गेल्यावरच. चुंबक ठेवायची जागाही नेमकी डाव्या कपाळावर, घुगरीच्या शेजारी. मी उठून बाहेर आले ती बाकड्यावर बसले. मला स्वतःच्या जिवाची पर्वा उरली नव्हती, पण ह्यांच्या जिवाची होती. मालक म्हणाले, "काढ गं, मी धडधाकट बसून हाय ना तुझ्यापुढं." तोंडानं म्हणाले खरे, पण त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला. दोन दिवस असेच गेले. उद्या बसल्या नाहीत तर तुमची जागा दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगून टाकलं.

तिसऱ्या सकाळी त्याच बाकड्यावर मी मनात म्हटलं, "याडी, मला काई कळत न्हाई. आता तूच बघ." आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात, देवीलाही. कित्येक महिन्यांत मी तिच्याशी बोललेली ती पहिली गोष्ट. थोड्या वेळानं शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. घेरदार फेटिया, म्हणजे आमचा घागरा, पांढऱ्या केसांत घुगरी, आमच्याच जातीची. तेलंगणातल्या कुठल्याशा तांड्यावरून नातवाचा मोडलेला हात दाखवायला आली होती. आमच्याच बोलीत तिनं विचारलं, "काहून रडून राहिली, बाई?" मी सगळं सांगितलं. म्हातारी चक्क हसली. म्हणाली, "अगं येडे, घुगरी कुणाच्या नावाची? नवऱ्याच्या ना? मंग तू आत हायेस तवर त्याच्याच डोक्यावर ठिव की! घुगरी उतरली न्हाई, घरातल्या घरात जागा बदलली."

तिनं स्वतःच्या हातांनी माझी घुगरी सोडवली, तोंडानं देवीचं नाव घेत मालकांच्या पागोट्यात दोन्ही बाजूंना बांधली आणि कमरेच्या पिशवीतला गूळ आम्हा दोघांच्या तोंडात घातला. तेव्हा कुठं मी आत गेले. दुसऱ्या दिवशी मी हाडाच्या वॉर्डात तिला शोधलं. तिला पाहिल्याचं कुणाला आठवेना. गेली असेल आपल्या गावाला. मी त्यावर तर्क करत नाही.

यंत्र टक टक करायचं, कपाळावर कुणी टिचक्या मारतंय असं वाटायचं. पहिले दहा दिवस काहीच फरक नाही. बाहेर मालक मात्र घुगरी लेवून ताठ बसायचे, मान हलली की छुनछुन. अकराव्या दिवशी दाराबाहेर कुणीतरी विचारलेलं मला ऐकू आलं, "चाचा, ये क्या पहन लिये?" आणि आमच्या मालकांनी गंभीरपणे सांगितलं, "आधा घंटा मैं बायको है." मला हसू फुटलं. इतकं, की दुखतंय वाटून त्या माणसानं यंत्र बंद केलं. कितीतरी महिन्यांनी माझं हसू मी ऐकलं आणि मग हसता हसता रडले. त्या सकाळी मला कडकडून भूक लागली.

वीस बैठका करून घरी आलो. सासूबाईंना मालकांनी सगळं खरं सांगून टाकलं. त्या मला पुढ्यात बसवून माझी घुगरी नीट गुंफू लागल्या. म्हणाल्या, "त्यानं घातली म्हून काय झिजली न्हाई. त्याला शोभली का गं पण?"

आजार दोन वर्षांनी पुन्हा डोकावला, थोडा. पण या वेळी मी वाट पाहिली नाही, आम्ही लगेच हैदराबादला गेलो. मला वाटायचं, घट्ट धरून ठेवणं म्हणजेच भक्ती. आता कळतं, आपल्याच्यानं होत नाही ते दुसऱ्याच्या हाती देणं, हेही देवीच्याच पायाशी ठेवणं असतं. डॉक्टर, ती म्हातारी, ते टकटकणारं यंत्र, सगळ्यांना मी हात जोडते. त्या दुसऱ्या खेपेला दवाखान्याच्या दारात माझा हात केसांकडं जायच्या आतच मालक माझ्यापुढं मान वाकवून उभे होते. म्हणाले, "आण, माझी पाळी."