सुभेदाराचा पाला

शाळेच्या कपाटात तुटके खडू कुणी मुद्दाम साठवत नाही. तरी ते साचतातच. परळच्या आमच्या शाळेत शिक्षिकांच्या खोलीत किस्सेही असेच साचले. त्यांपैकी निम्मे एकट्या सुभेदाराचे!

सुभेदार म्हणजे सातवीतल्या सुमनचे कासव. संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह करून तिचे वडील तुरुंगात गेले. आई दिवसभर गिरणीत. सुमन त्याला पिशवीतून घेऊन आली. "बाई, 'मी येईपर्यंत ह्याला जप,' असं बाबांनी सांगितलंय. इथं बागेत ठेवू?"

नाही म्हणणे मला जमले नाही.

*

बागेत जास्वंदीला खेटूनच कण्हेर होती. वनस्पतिशास्त्राच्या दमयंतीबाईंनी बजावले, "जास्वंदीची पानेफुले खुशाल द्या. कण्हेर मात्र विषारी! पोटात गेली, तर सुभेदार संपला."

आमचा मालवणी शिपाई गोविंदा हसला. "जनावराक आपला आपण कळता, बाई!"

तेवढ्यात सुभेदाराने त्याच्या पायाचा अंगठा तोंडात धरला.

गोविंदाने त्याच दुपारी कण्हेरीभोवती कुंपण घातले.

*

शिवणाच्या मालतीबाईंनी प्रेमाने अळूची पाने आणली. "आमच्याकडे सगळे आवडीने खातात!"

"शिजवून खातात. कच्च्या अळूने त्याचा घसा खाजेल!" दमयंतीबाई कडाडल्या.

"मग वड्या करून आणू?"

*

मी प्रत्येक झाडाला पाटी लावली : वर नाव, खाली 'चालेल' किंवा 'विषारी'. तपासणीला आलेले साहेब जास्वंदीपुढे थबकले. "चालेल? कुणाला चालेल?"

"सुभेदाराला, सर," सुमन अदबीने म्हणाली. "तुमच्यासाठी आत चहा ठेवलाय!"

*

हरताळामुळे शाळा बंद होती. सुभेदाराच्या काळजीने मी दादरहून चालत गेले. पाहते तो, आमच्या करड्या शिस्तीच्या मुख्याध्यापिका पूजेची परडी घेऊन बागेत बसलेल्या. एकेक जास्वंद सुभेदारापुढे धरत होत्या.

"बाई, देवाची फुले?"

"देव उपाशी राहत नाही हो!"

*

अखेर सुमनचे वडील सुटले आणि मिरवणुकीतून थेट शाळेत आले. गळ्यात भरगच्च हार. त्यांनी आधी सुभेदाराला उचलून छातीशी धरले. सुभेदाराने हाराकडे मान लांबवली.

इतक्या महिन्यांनी वडिलांना पाहणारी सुमन किंचाळली, "बाबा, आधी हार काढा! त्यात कण्हेर आहे!"

गोविंदाने हार ओढला. दमयंतीबाईंनी तो फुलाफुलाने तपासला. सुभेदाराचे तोंड मी स्वतः पाहिले. ते रिकामे आहे, असे मी सांगितल्यावरच सुमन वडिलांच्या गळ्यात पडली.

ते म्हणाले, "बाई, तुरुंगातसुद्धा माझी एवढी झडती झाली नव्हती!"