पाव गोळी

कल्पना करा, शर्टाच्या बटणाहून लहान गोळीचे चार सारखे तुकडे तुम्हाला करायचे आहेत. बोटं शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याची, जाडजूड, नखांत तेल मुरलेलं. मांडीवर तान्हं बाळ. पाव गोळी वेळेवर पोटात गेली नाही, तर ते मलूल पडणार.

मेकॅनिकने हे काम बायकोकडून हट्टाने मागून घेतलं होतं. बाळ जन्मलं तेव्हा सगळे म्हणाले, मुलगा. दुसऱ्या आठवड्यात ते दूध ओकू लागलं, सुकत चाललं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाईंनी सांगितलं, "मुलगी आहे. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना एक संप्रेरक नीट बनवता येत नाही, त्या नादात पुरुषी संप्रेरक जास्त बनतं. म्हणून बाहेरून मुलासारखं दिसतं. अंगात मीठही टिकत नाही. औषध जन्मभर घ्यायचं, बाकी मजेत वाढेल."

वाढलीही. मिठाची बरणी चाटताना सापडायची, म्हणून घरात नाव पडलं मीठचोर.

मेकॅनिकच्या ताईला मात्र चैन नव्हतं. "अरे, तिला कळायच्या आत ऑपरेशन करून मुलीसारखं दिसेल असं करून टाक. लोक काय म्हणतील?"

"डॉक्टरबाई म्हणाल्या, तब्येतीला धोका नाही, थांबता येईल."

"त्यांचं काय जातंय सांगायला!"

"ताई, तुझी मशीन खडखडते म्हणून आणलीस, तेव्हा मी आधी काय बघितलं?"

"टाका."

"टाका सरळ पडत होता. मग उघडली का मी मशीन?"

"नाही. आणि अजून खडखडतेय मेली!"

"पण शिवतेय ना?"

बायको तोंडाला पदर लावून हसली. ताई फुगून बसली, पण विषय तिथेच थांबला. "अंग तिचं आहे," मेकॅनिक हळूच म्हणाला, "मोठी झाली की तीच ठरवेल."

आता मीठचोर शाळेत जाते आणि गोळी स्वतः कापते.

"बाबा, तुमचा तुकडा नेहमी वाकडा असायचा."

"म्हणून तर तुला नोकरीवर ठेवलंय."

"आत्या म्हणते, मी आधी मुलगा होते."

"छे गं! आम्हालाच नीट बघता आलं नव्हतं."

ती खो खो हसली आणि गोळी गिळून खेळायला पळाली. ती विचारते तेवढं तो सांगतो, खोटं सांगत नाही. फक्त एका प्रश्नाचं उत्तर त्याला तिच्याच तोंडून ऐकायचं आहे, आणि त्यासाठी तिला मोठं व्हायला हवं: ऑपरेशन न करता बाबा थांबले, ते बरं केलं का?